बटण 'ईसिम'चे, खिडकी 'किकॅड'ची. एक सॉफ्टवेअर दुसऱ्याला कसे सुरू करते?

छत्रपती संभाजीनगर : सर्किट डिझाइनच्या महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना घरच्या लॅपटॉपसाठी घेणे इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना परवडत नाही. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाचे 'ईसिम' हा त्यावरचा मोफत पर्याय. मात्र स्कीमॅटिकचे बटण दाबूनही काहीच उघडले नाही, तर प्रकल्प तिथेच अडतो. असे का होते?

नेमके काय घडते?
ईसिम स्वतः सर्किट काढत नाही. बटण दाबताच ते 'किकॅड'चा 'ईस्कीमा' हा भाग सुरू करण्याचा आदेश देते आणि प्रकल्पाची फाइल त्याच्याकडे सोपवते. दोन्ही प्रोग्राम वेगवेगळे चालतात. त्यांना जोडते ती नेटलिस्ट, म्हणजे सर्किटमधील भाग आणि जोडण्यांची यादी. ईसिम ती 'एनजीस्पाइस'ला समजेल अशी करून देते आणि एनजीस्पाइस गणित करते.

फायदा काय?
किकॅडचे काम १९९२ पासून सुरू आहे, तर एनजीस्पाइसचे मूळ बर्कले विद्यापीठाच्या 'स्पाइस'मध्ये आहे. हे सारे नव्याने लिहिण्याची गरज उरत नाही.

अडते कुठे?
- किकॅड इन्स्टॉल नसेल किंवा सिस्टीमच्या 'पाथ'मध्ये नसेल, तर ईसिमला ते सापडत नाही.
- किकॅड ६ पासून स्कीमॅटिक फाइलचे स्वरूप बदलले. जुन्या ईसिमसोबत नवे किकॅड जुळेलच असे नाही.

काय करावे?
लिनक्सवर टर्मिनलमधून ईस्कीमा थेट सुरू करून पाहावे. तिथेही उघडले नाही, तर दोष ईसिमचा नाही. ईसिमच्या इन्स्टॉलरसोबत येणारेच किकॅड वापरणे सर्वात सोयीचे.