तुकडा निर्दोष, जठर सदोष

“तुकड्यांत कांहीं निघालें नाहीं,” एवढें कानीं पडतांच घरांतील सर्वांस हायसें वाटतें. मग चार घासांतच पोट भरणें, अन्नावरील वासना उडणें, वजन उतरत जाणें, या साऱ्यांचें खापर वयावर किंवा पित्तावर फुटतें. पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे कीं, तेथें हें समाधान घातक ठरतें.

जठराची भिंत अनेक पदरांची असते. कर्करोग बहुधा आंतल्या अस्तरावर व्रण किंवा गांठ होऊन दिसतो. हा प्रकार मात्र अस्तराखालील पदरांत विखरून पसरतो. भिंत जाड व ताठर होते; वरचें अस्तर पुष्कळदां जवळजवळ अभंग राहतें. लंडनचे डॉक्टर विल्यम ब्रिंटन यांनीं १८५९ सालीं या विकृतीचें वर्णन केलें. अशा जठराला इंग्रज चामड्याच्या बाटलीची उपमा देतात. आपल्याकडील तेलाची बुधली आठवावी.

दुर्बीण जठरांत उतरवून चिमट्यानें घेतलेला तुकडा बहुधा अस्तराचाच असतो. रोग त्याखालीं असला, तर तुकडा निर्दोष ठरतो. यांत तपासणाराचा दोष नसतो. म्हणून जाणता डॉक्टर दुसरी खूण पाहतो. आंत हवा सोडली असतां निरोगी जठर फुगतें व त्याच्या घड्या उलगडतात. हें जठर फुगत नाहीं. मग एकाच जागीं पुन्हां पुन्हां चिमटा लावून खोलवरचे तुकडे काढतात. दुर्बिणीच्या टोंकाशीं बसविलेल्या सोनोग्राफीनें कोणता पदर जाडावला तें कळतें, आणि जरूर तर सुईनें तेथील नमुना घेतां येतो. रोग किती पसरला, हें सी. टी. स्कॅन दाखवितो.

घराण्याचा इतिहासहि येथें उपयोगी पडतो. न्यूझीलंडमधील एका माओरी कुळांत अनेकांना तरुणपणींच असा विखुरणारा कर्करोग होई. त्यामागील आनुवंशिक दोष १९९८ सालीं उजेडांत आला. तेव्हां आपल्या कुळांत असें कोणास झालें असल्यास डॉक्टरांपासून तें लपवूं नये.

निर्दोष रिपोर्टाचा अर्थ इतकाच कीं, घेतलेल्या तुकड्यांत रोग दिसला नाहीं. लक्षणें हटत नसतील, तर घरच्यांनीं विनयानें पण निश्चयानें विचारावें, “जठर नीट फुगलें होतें काय? तुकडे खोलवरचे होते काय?”