बोटांची ऊब येते कुठून?

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धरा आणि उजव्या हाताची बोटं भराभर हलवा. हलतात बोटं, पण वळवळ जाणवते कोपराखाली! बोटं वाकवणारे दांडगे स्नायू तिथे बसलेले असतात आणि त्यांच्या लांबलचक कंडरा पार बोटांपर्यंत गेलेल्या असतात. खुद्द बोटांत हाडं, कंडरा, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि कातडी, एवढाच ऐवज. काम करणारे स्नायू शरीरात भरपूर उष्णता तयार करतात आणि बोटांत तर ते जवळजवळ नाहीतच. बोटांची ऊब सगळी रक्तातून आलेली, उसनी. थंडी वाढली की शरीर सर्वांत आधी हीच उसनवारी बंद करतं, कारण त्याला हृदय आणि मेंदू सांभाळायचे असतात.

थंड समुद्रात शिडाची होडी हाकणाऱ्यांचं दुखणं इथून सुरू होतं. डोंगर चढणाऱ्याला निदान अधूनमधून हात खिशात घालता येतात. होडीवर दोर ओढायचा, विंचवर गुंडाळायचा, गाठ सोडायची आणि हे सगळं अंगावर पाण्याचे सपकारे झेलत. पाणी हवेच्या साधारण 25 पट उष्णता वाहून नेतं. बोटांच्या कातडीचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की गाठी सोडताना बोटं ऐकेनाशी होतात. आणखी उतरलं की हातात दोर आहे की नाही हेच कळत नाही.

मग जाडजूड हातमोजा घालावा? इथे भूमिती आडवी येते. बोट बारीक असतं. त्याच्याभोवती अस्तर जाड करत गेलं की हवेला लागणारा बाहेरचा पृष्ठभागही भराभर वाढतो, म्हणून जाडीच्या मानाने ऊब वाढत नाही. तेच अस्तर चार बोटांना एकत्र गुंडाळलं तर कितीतरी जास्त कामाला येतं. चार बोटांना एकच कप्पा असलेले मिटन नेहमीच्या हातमोज्यांपेक्षा उबदार असतात ते यामुळे. फक्त त्यांनी बारीक काम होत नाही.

उत्तर अटलांटिकमधल्या मच्छीमारांनी बारीक कामावर पाणी सोडून मिटनच पत्करले. आइसलँडचे मच्छीमार घालत ते लोकरी मिटन बघितले की पहिल्यांदा हसूच येतं: प्रत्येकाला दोन-दोन अंगठे! दोर आणि वल्ही घासून तळव्याची बाजू विरली की मिटन फिरवून घालायचा आणि दुसरा अंगठा वापरायचा. टिकाऊपणावर इतका सरळ तोडगा आजच्या कुठल्याही महागड्या जोडीत मला दिसलेला नाही.

अमेरिकेत मेनच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार तर आणखी पुढचे. त्यांचे मिटन मुद्दाम मोठे विणायचे आणि भिजवून, चोळून आटवायचे, म्हणजे लोकरीचा घट्ट नमदा होई. कामावर निघताना ते समुद्रात बुडवायचे, पिळायचे आणि ओलेच हातात चढवायचे. ऐकायला वेडेपणा वाटतो, कारण ओलं कापड वाऱ्यात धरलं की त्याचा माठ होतो. पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पातळ सुती हातमोज्याचं नेमकं तेच होतं. पण ओला नमदा फुगून वाऱ्याची वाट अडवतो, पिळल्यावरही लोकरीच्या कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि कडक थंडीत पाणी उडतंही सावकाश. हात पुरता कोरडा असण्यापेक्षा त्याच्याभोवतीची हवा आणि पाणी जागेवर थांबणं जास्त महत्त्वाचं, हे त्या लोकांना कामातूनच उमगलं होतं.

आणि मिटन गेलेच तर? जानेवारी 1883 मध्ये न्यूफाउंडलंडजवळ हॉवर्ड ब्लॅकबर्न हा मच्छीमार छोट्या होडीतून मूळ जहाजापासून भरकटला आणि त्याचे मिटन समुद्रात गेले. बोटं गोठणार हे ओळखून त्याने ती वल्ह्यांच्या मुठींभोवती वळवली आणि त्याच आकारात गोठू दिली. सोबती दगावला, हा मात्र वल्हवत किनाऱ्याला लागला. सगळी बोटं गेली. पुढे 1899 मध्ये आणि पुन्हा 1901 मध्ये याच माणसाने एकट्याने, शिडाच्या होडीतून अटलांटिक ओलांडला!

लोकरीचंच तत्त्व प्रयोगशाळेत निओप्रीनच्या रूपाने आलं. हे कृत्रिम रबर 1930 च्या सुमारास तयार झालं. पुढे त्याचा फेस करून बंद बुडबुड्यांत वायू कोंडता आला आणि 1952 च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने त्यातून पाणबुड्यांचा पोशाख सुचवला. पाणी आत शिरलं तरी बुडबुड्यांतला वायू ऊब धरून ठेवतो. सतत भिजणाऱ्या छोट्या होडीवर म्हणूनच निओप्रीनचे हातमोजे बरे. मोठ्या नौकेवर मला ही रीत पटते: आत पातळ लोकरी हातमोजा, वर रबराचा लेप दिलेला सैल हातमोजा. आतला भिजला की बदलता येतो.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत अरबी समुद्रात हातमोजा लागतो तो दोराने तळवे सोलू नयेत म्हणून. 56 अंश दक्षिण अक्षांशावर केप हॉर्नला वळसा घालताना त्यालाच थंडीही अडवावी लागते. ही दोन कामं एकमेकांच्या मुळावर उठतात. तळव्याला दुहेरी थर दिला तर टिकतो, पण बोटं वाकत नाहीत. चामडं पकडीला छान, पण खारं पाणी पिऊन वाळलं की कडक होतं. शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांगच, म्हणून निओप्रीनमध्ये चिकटवलेली आणि सुई आरपार न गेलेली शिवण बघून घ्यावी. मीठ हवेतला ओलावा ओढतं, तेव्हा गोड्या पाण्यात न खंगाळलेला हातमोजा कधी नीट वाळत नाही.

आणखी एक गंमत थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने 1930 मध्ये नोंदवली. बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून ठेवलं की काही मिनिटांनी आकसलेल्या रक्तवाहिन्या आपसूक उघडतात, बोट कोमट होतं आणि त्या पुन्हा मिटतात. हे चक्र चालूच राहतं. पण सगळं अंगच गारठलेलं असेल तर हा खेळ मंदावतो. तेव्हा हातमोज्यांवर पैसे घालण्याआधी कानटोपी, गळपट्टा आणि छातीवरचं जाकीट नीट असू द्या. मनगटही झाकलेलं हवं. बोटांकडे जाणारं रक्त तिथे कातडीच्या अगदी जवळून जातं.

माप सैलच घ्या, आवळलेला हातमोजा रक्त अडवतो. आणि दुकानात तो घालून बुटाची नाडी बांधून, सोडून बघा. जमलं नाही तर कितीही उबदार असला तरी होडीवर तो निरुपयोगी आहे.