आजीबाईच्या बटव्याची उलटतपासणी

अंधेरी-घाटकोपरचा भाग १९५० सालीं व बोरिवली-मुलुंडचा भाग १९५७ सालीं मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आला. कोंकण, देश व गुजराथ सोडून जीं कुटुंबें या उपनगरांत स्थायिक झालीं, त्यांच्या बिऱ्हाडाबरोबर सहाण, हिंगाची डबी व ओवा-सुंठीच्या पुड्याही आल्या. चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. तरी पोट फुगलें कीं बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप, अजीर्ण झालें कीं ओवा-सैंधव, ही वहिवाट पणतवंडांपर्यंत चालूच आहे. ही सगळी टाकाऊ म्हणणारा पक्ष व सगळी पवित्र म्हणणारा पक्ष, हे दोन्ही आम्हांस सारखेच आळशी वाटतात. कारण साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावांचूनच ते निकाल देतात.

तपासणी केली असतां बटव्याच्या बाजूनें पुष्कळ पुरावा निघतो. ओव्यांत थायमॉल हें जंतुनाशक द्रव्य आहे. आल्यानें मळमळ शमते, हें आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. जुलाबांत मीठ घालून भाताची पेज पाजणाऱ्या आजीची बाजू तर फारच बळकट आहे. १९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी माजली, तेव्हां बनगांव येथील छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें पाणी रोग्यांस पाजविलें आणि हजारों प्राण वांचविले. ग्लुकोजबरोबर मीठ आंतड्यांत शोषलें जातें व त्यांच्या मागोमाग पाणीही. पेजेंतील पिष्टाचेंही शेवटीं ग्लुकोजच होतें.

परंतु याच बटव्यांत आरोपीही आहेत. गिरणगांवांतील कामकरी स्त्रिया तान्ह्या मुलांस ‘बाळागोळी’ देत. तिच्यांत अफू असे. मूल शांत होई, तें बरें झालें म्हणून नव्हे, गुंगलें म्हणून! पोट दुखलें कीं एरंडेल देण्याचा रिवाज असाच घातक आहे. दुखणें आंत्रपुच्छाचें असल्यास रेचकानें तें फुटण्याचा धोका असतो. हृदयविकाराच्या कळेस ‘वायु’ समजून ओवा चघळीत बसल्यानें अमोल घटका वायां जातात. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून कांहींही देऊं नये, असें वैद्यकशास्त्र सांगत असतां, अस्वच्छ सहाणेवर उगाळलेली गुटी पाजण्याचा आग्रह कोणत्या शहाणपणाचा? आणि नको म्हणणाऱ्या सुनेस उद्धट ठरविण्याचा अधिकार सासूस कोणीं दिला?

व्यापारी बंधूंसही आमचें सांगणें आहे. ज्या चूर्णाच्या पुडीवर घटक छापलेले नाहींत, ती दुकानांत ठेवूं नये. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ सालींच कायदा झाला. परंतु गिऱ्हाइकाचा विश्वास सांभाळण्यास कायद्याची वाट पाहणें सचोटीच्या दुकानदारास शोभत नाहीं.

तेव्हां बटवा फेंकूं नये, निवडावा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें माप प्रत्येक घरांत तोंडपाठ असावें. मात्र शौचावाटे रक्त पडलें, मुलाचे डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा तें पाणीही पिईना, तर त्याच क्षणीं रुग्णालय गांठावें. आजीनें आपल्या काळीं जें मिळालें त्याचा उपयोग केला. आज जें मिळतें त्याचा उपयोग न करणें ही तिच्याविषयींची भक्ति नव्हे.