एक फाइल, चार खुणा

पाचवीसाठी जलचक्रावर तुम्ही एक कृतिपत्रिका तयार केली. आता ती कॉम्प्युटरवर ठेवायची कुठे? 'पाचवी'च्या फोल्डरमध्ये, 'परिसर अभ्यास'च्या, की 'कृतिपत्रिका' या नावाच्या? कपाटातल्या कागदासारखी फाइलही एकाच कप्प्यात बसते. या जूनमध्ये आपण ती विषयाच्या फोल्डरात टाकतो आणि पुढच्या जूनला इयत्तेच्या फोल्डरात शोधत बसतो.

यावर उपाय म्हणजे टॅग, अर्थात फाइलला किंवा ब्लॉगवरच्या लेखाला लावलेली शब्दाची खूण. फाइल राहते एकाच जागी, खुणा लागतात अनेक. आत कॉम्प्युटर पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची ठेवतो. समजा, 'पाचवी' या शब्दापुढे फाइल क्रमांक ३, ८, १२, १९ आहेत आणि 'जलचक्र'पुढे ८, १५, १९. दोन्ही टॅग एकत्र शोधले, की दोन्ही याद्यांत असलेले ८ आणि १९ एवढेच समोर येतात. शेकडो फाइली उघडून पाहाव्या लागत नाहीत.

ग्रंथालयांना हा पेच जुनाच. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६च्या दशांश पद्धतीत पुस्तकाला ठरावीक वर्गात जागा मिळते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३मध्ये कोलन वर्गीकरण मांडले. त्यात विषयाचे पैलू सुटे करून पुन्हा जोडायचे, आणि स्थळ व काळ हेही त्यातले पैलू. जोडायला अपूर्णविरामाचे चिन्ह वापरले, म्हणून नाव 'कोलन'.

शिक्षकाला हीच युक्ती चार प्रश्नांत वापरता येते. कोणत्या इयत्तेसाठी? कोणता घटक? साहित्याचा प्रकार काय? केव्हा लागते? आपल्या कृतिपत्रिकेची उत्तरे अशी: पाचवी, जलचक्र, कृतिपत्रिका, पावसाळा. 'महत्त्वाचे' किंवा 'छान' असे टॅग मात्र लावू नका. वर्षअखेरीस ते निम्म्या फाइलींवर चिकटलेले असतात आणि मग त्यांनी काहीच वेगळे निघत नाही.

टॅगची खरी गरज मराठीत अधिक भासते, कारण विभक्ती लागली की आपला शब्द रूप बदलतो. साधा शोध केवळ अक्षरे जुळवतो. 'पाणी' शोधले, तर 'पाण्याचे उपयोग' हा पाठ हाती लागत नाही; 'पाऊस' शोधले, तर 'पावसाच्या गोष्टी' निसटतात. म्हणून टॅग नेहमी मूळ रूपात लिहावा: पाणी, पाऊस, फूल. मजकुरात शब्द कसाही वळलेला असो, खूण सरळ असते.

शुद्धलेखनाचाही हिशेब ठेवावा लागतो. 'अपूर्णांक' आणि 'अपुर्णांक' हे कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'पाचवी', '५वी' आणि 'इ. ५' हे तीन. तेव्हा ठरलेल्या टॅगची पानभर यादी करा, ती शिक्षकखोलीत लावा आणि नवा शब्द घालण्यापूर्वी त्या यादीवर नजर टाका. शाळेतल्या सगळ्यांनी तीच यादी वापरली, तर ऑफ तासाला आलेल्या शिक्षिकेलाही तुमचे साहित्य न विचारता सापडते.

टॅगची सोय नसलेल्या ठिकाणी फाइलच्या नावातच टॅग लिहा: पाचवी_जलचक्र_कृतिपत्रिका_पावसाळा. हॅशटॅग लावताना मध्ये मोकळी जागा सोडू नका. जागा आली की हॅशटॅग तिथेच संपतो.

जुन्या सगळ्या फाइलींना एका बैठकीत टॅग लावायला घेऊ नका; ते काम अर्ध्यावर राहते. आजपासून जी फाइल उघडाल, तिला बंद करण्यापूर्वी चार खुणा लावा. वर्षभरात जी एकदाही उघडली गेली नाही, तिच्यासाठी एवढी खटपट करण्याचे कारणही नाही.