पहिल्या सामन्याची वाट

दिवाळीचा फराळ संपतो, आकाशकंदील उतरविले जातात आणि थंडीची चाहूल लागते, तोंच कोल्हापुरांतील पेठांमध्यें एका निराळ्या सणाची कुजबुज सुरू होते. हा सण पंचांगांत सांपडत नाहीं. त्याचा मुहूर्त ज्योतिषी काढीत नाहींत, तर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे चालक काढतात. आणि तो साजरा होतो तो देवळांत नव्हे, तर शाहू स्टेडियमवर. फुटबॉलच्या नव्या हंगामाचा पहिला सामना हाच तो सण होय. "पहिला सामना कोणाकोणाचा?" हा प्रश्न चहाच्या दुकानापासून भाजीमंडईपर्यंत सर्वत्र ऐकूं येतो, आणि तो ज्याच्या ओठांवर नसेल तो गृहस्थ परगांवचा आहे असें खुशाल समजावें.

दूरच्या वाचकांस याचें नवल वाटेल. कोल्हापूर म्हटलें कीं अंबाबाईचें देऊळ, गूळ, चपला आणि कुस्ती एवढ्या गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. मल्लांच्या ह्या माहेरघरीं एक विलायती खेळ इतका खोल कसा रुजला? या प्रश्नाचें उत्तर कुस्तींतच सांपडतें. राजर्षि शाहू महाराजांनीं १८९४ पासून १९२२ पर्यंतच्या आपल्या कारकीर्दींत मल्लविद्येला उदार आश्रय दिला. त्यांनीं उभारलेलें खासबागेचें कुस्ती-मैदान १९१२ सालीं पुरें झालें. त्या काळीं पेठोपेठीं तालमी नांदत होत्या. परंतु तालीम म्हणजे केवळ दंडबैठका काढण्याची जागा नव्हे. पेठेचा गणपति तेथें बसावा, पेठेंतील भांडण तेथें मिटावें, कोणाच्या घरीं लग्न निघालें किंवा कोणी आजारी पडलें तर मदतीचे हात तेथूनच निघावे, अशी ती पेठेची जिवंत संस्था होय. १८६३ सालीं लंडनमध्यें ज्याचे नियम एकत्र लिहिले गेले, तो फुटबॉल इंग्रजांबरोबर या देशांत आला आणि कोल्हापुरांत पोंचल्यावर ह्याच तालमींचा उंबरठा ओलांडून आंत गेला. परका पाहुणा म्हणून तो ओसरीवर तिष्ठत बसला असता, तर कदाचित् लवकरच परतला असता. तालमीनें त्याला दत्तक घेतलें, म्हणून तो घरचा झाला.

यामुळेंच येथील संघांचीं नांवें ऐकतांना नवख्या माणसास आपण आखाड्यांत आलों कीं काय असा भास होतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ हीं नांवें पाहावींत. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब यांसारखे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी आहेत. येथें आपला संघ सहसा कोणी निवडीत नाहीं. आडनांवाप्रमाणें तो जन्मानेंच मिळतो. अडचण होते ती माहेरवाशिणीची. एका पेठेंतील मुलगी दुसऱ्या पेठेंत दिली कीं, सामन्याच्या संध्याकाळीं माहेरच्या विजयाचा आनंद तिला पदराआड झांकावा लागतो. आणि सुटींत मामाकडे गेलेल्या भाच्यास जेवणाच्या पंक्तींत आपल्या संघाची बाजू एकट्यानें लढवावी लागते.

साखळी स्पर्धेचें गणित पाहिलें, तर पहिल्या सामन्याचें एवढें कौतुक करण्यास कारण दिसत नाहीं. जिंकणाऱ्यास तीन गुण आणि बरोबरी झाल्यास प्रत्येकीं एक, हा हिशेब पहिल्या दिवशीं जो, तोच शेवटच्या दिवशीं. तरी देखील माणसें नेमकी ह्याच दिवसाची वाट पाहतात, कारण त्या दिवशीं गुणांच्या तक्त्यावर सर्वांपुढें शून्य असतें. गतवर्षींचा विजेता आणि गतवर्षीं कसाबसा तग धरलेला संघ एका ओळींत उभे असतात. महिनाभर चाललेल्या तर्कांचा निकालही त्याच दिवशीं लागावयाचा असतो. कोणता खेळाडू कोणाकडे गेला, परगांवाहून किंवा परदेशांतून आणलेला आघाडीवीर खरोखरच तेवढा तयारीचा आहे काय, जुन्या बचावपटूचा दुखावलेला गुडघा साथ देईल काय, आणि ज्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराविषयीं सारी पेठ बोलत आहे त्याला पहिल्या अकरांत जागा मिळेल काय, ह्या प्रश्नांचीं उत्तरें नव्वद मिनिटांत मिळणार असतात.

मात्र ह्या उत्सुकतेच्या पोटांत एक काळजीही दडलेली असते. पेठेचा अभिमान ही आग आहे. तिच्यावर चूल पेटते, तसें घरही जळतें. पंचांचा एखादा निर्णय मनाविरुद्ध गेला कीं शिव्यांना ऊत यावा, गॅलरींतून बाटल्या व दगड भिरकावले जावेत आणि शेवटीं पोलिसांस मध्यें पडावें लागावें, असे प्रसंग ह्या मैदानानें पाहिले आहेत. अशा वेळीं कोणती पेठ जिंकली, या प्रश्नाला अर्थच उरत नाहीं. सामना थांबला कीं दोन्ही संघ हरतात, आणि सर्वांत अधिक हरतो तो मैदानांतील तरुण खेळाडू.

हा तरुण कोण असतो? कोणी कारखान्यांतील पाळी संपवून सरावास येतो, कोणी महाविद्यालयांत शिकत असतो, कोणी वडिलांचें दुकान सांभाळतो. फुटबॉलवर ज्याचें पोट भरेल असा भाग्यवान् विरळा. पण दार अगदींच बंद आहे असें नाहीं. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतांत भरली, तेव्हां भारताच्या संघांत अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता. पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनींत त्याचें शिक्षण झालें होतें. दिल्लींत झालेले तिन्ही सामने भारतानें गमावले, तरी आपल्या गल्लींतून तेथवर वाट जाते एवढें तरी येथील मुलांस कळलें. त्या वाटेवर पहिलें पाऊल टाकावयाचें तें घरच्या मैदानावर. तेथील हंगाम दंग्यामुळें मोडला, तर एखाद्या मुलाचें उमेदीचें वर्षच वायां जातें, आणि खेळाडूच्या आयुष्यांत अशीं वर्षें तीं किती असणार!

म्हणून आमच्या मतें, सुशिक्षित घरांनीं "तेथें फार हुल्लड असते" असें म्हणून घरीं बसणें हा खरा उपाय नव्हे. सभ्य माणसें जितकीं दूर राहतील तितकें मैदान उनाडांच्या स्वाधीन होईल. वडील, मुलगा, मुलगी आणि शक्य तर आई व आजीसुद्धां जेथें शेजारीं बसलीं आहेत, तेथें जिभेला आपोआप लगाम बसतो. खेळ समजण्यासही फारसे कष्ट नाहींत. दोन्ही बाजूंस अकरा अकरा खेळाडू, पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव आणि गोलरक्षकावांचून कोणी चेंडूस हात लावावयाचा नाहीं, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. घोटाळा होतो तो ऑफसाइडपाशीं. आपला गडी चेंडू पुढें देतो त्या क्षणीं, तो घेणारा सोबती प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानांत असून चेंडूच्या व शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढें असेल, तर तो चुकीच्या जागीं आहे असें धरतात. गोलखांबांपाशीं आयतें दबा धरून बसणाऱ्यास चाप लावणारा हा नियम आहे. तो मुलांस नीट समजावून दिला, तर पंचांवर उगीच ओरडणारीं दोन तोंडें तरी कमी होतील.

२०२० च्या मार्चांत महामारीमुळें देशांतील सर्वच मैदानें ओस पडलीं. हंगाम दरवर्षीं ठरल्या वेळीं येतोच असें नाहीं, ही गोष्ट तेव्हां सर्वांस कळून चुकली. आपल्या संघाबरोबर प्रतिस्पर्धी संघही मैदानांत उतरला, तरच सामना होतो. ज्या पेठेला आपण वर्षभर चिडवितों, तिच्यावांचून आपल्या विजयालाही किंमत नाहीं. तेव्हां यंदा पहिल्या सामन्याला जातांना आपल्या संघासाठीं घसा बसेपर्यंत अवश्य ओरडावें. परंतु समोरच्या बाजूच्या एखाद्या पोरानें सुरेख गोल केला, तर दोन टाळ्या त्याच्यासाठींही राखून ठेवाव्या. पेठेचा मान त्यानें कमी होत नाहीं. उलट, खेळ जाणणारी पेठ म्हणून तो वाढतोच.