माहिती चौकट : डोंगरातील पाणी, कातळातील कारागिरी

पोढी म्हणजे कातळात कोरलेले पाण्याचे टाके. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे इ. स. पू. पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली, आणि त्यांपैकी अनेकांच्या दाराशी अशी पोढी आहे. उतारावर बोटभर खोलीच्या पन्हळी खोदून पावसाचे पाणी तिच्या चौकोनी तोंडाशी आणलेले दिसते; काही तोंडांभोवती झाकण बसावे अशी खाचही आहे. पोढी दान दिल्याच्या नोंदी तेथील ब्राह्मी शिलालेखांत आढळतात, म्हणजे ही कामे लोकांच्या देणग्यांतून उभी राहत.

विहार आणि तुळशी हे त्याच डोंगररांगेतील नंतरचे तलाव होत. हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यानुसार मिठी नदीवर बांधलेला विहार 1860 मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईला प्रथमच नळाचे पाणी मिळाले. तुळशी 1879 चा.

मातीचे की दगडी? विहारचे बांध मातीचे असून असे बांध रुंद पायावर व स्वतःच्या वजनावर उभे राहतात, तर तुळशीचा मुख्य बांध दगडी आहे.

सोलापूरकडे अशी डोंगररांग नाही. तेथील आदिला नदीवरील एकरूख ऊर्फ हिप्परगा तलाव (1871) मातीच्या लांबलचक बांधाने अडवलेला असून तो मुख्यतः सिंचनासाठी बांधला गेला.