पक्ष कीं माणूस?

आपल्या देशांत प्रांताचा गव्हर्नर पूर्वीं ब्रिटिश राजसत्ता नेमीत असे. आज राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपति करितात. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत मात्र प्रत्येक संस्थानाचा गव्हर्नर तेथील लोकच मत देऊन निवडतात. अशा वेळीं मतदाराची कसोटी कशी लागते, हें न्यूयॉर्क संस्थानांतील १९०६ सालच्या निवडणुकीवरून आम्ही वाचकांस सांगणार आहों.

डेमोक्रॅटिक पक्षातर्फे विल्यम रॅन्डॉल्फ हर्स्ट उभे होते. मोठ्या खपाच्या अनेक वर्तमानपत्रांचे हे धनाढ्य मालक. बड्या कंपन्या गरिबांस नाडतात, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु न्यूयॉर्क शहरांतील टॅमनी हॉल नामक संघटनेच्या ज्या पुढाऱ्यास त्यांच्या पत्रानें १९०५ सालीं कैद्याच्या पोशाखांत चितारिलें होतें, त्याचाच पाठिंबा त्यांनीं पुढच्या वर्षीं घेतला.

रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव व व्यवसायानें वकील. १९०५ मध्यें आयुर्विम्याच्या कंपन्यांची चौकशी चालवितांना, विमेदारांचा पैसा रिपब्लिकन पक्षाच्या निवडणूक-निधींत गेल्याचें त्यांनींच उघडकीस आणिलें. स्वपक्षाचें पाप त्यांनीं झांकलें नाहीं.

निकाल मोठा बोधप्रद लागला. ह्यूज सुमारें ५८,००० मतांनीं विजयी झाले. परंतु लेफ्टनंट गव्हर्नरापासून संस्थानांतील इतर निर्वाचित अधिकाऱ्यांच्या जागा डेमोक्रॅटिक पक्षानेंच जिंकल्या. म्हणजे हजारों मतदारांनीं आपला पक्ष सोडला नाहीं, पण सर्वांत वरच्या जागीं माणूस पारखून घेतला.

विजयी ह्यूज यांनीं प्रतिस्पर्ध्याची खरी तक्रारहि वाऱ्यावर सोडली नाहीं. १९०७ मध्यें त्यांच्या प्रयत्नानें रेल्वे, गॅस व वीज कंपन्यांवर देखरेख करणारीं मंडळें कायद्यानें स्थापन झालीं. पुढें १९३० ते १९४१ पर्यंत ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसहि मोठेपणीं मत द्यावयाचें आहे. परक्यांचे दोष कोणीहि दाखवितो. आपल्या माणसांचें चुकलें असतां उमेदवार काय करितो, हें आधीं पाहावें, असें आमचें तुम्हांस व तुमच्या पालकांसहि सांगणें आहे.